गव्हाच्या बिअरचं गोड पाणी

वागळे इस्टेटमधल्या त्या लहानशा ब्रुअरीत सकाळी धान्य शिजायला लागलं, की वाफेत उभ्या प्रीतीला स्वप्नात चालल्यासारखं वाटायचं. एका टाकीत कॉफीच्या वासाची काळी बिअर, दुसरीत संत्र्याच्या सालीसारखी कडवट, तिसरीत कोकमाची आंबट. जणू तीन ऋतू एका छपराखाली निजलेले. त्यांची चव प्रीतीच ठरवायची.

ठाकुर्लीच्या घरी तिची आई रंभा रोज दारू न पिण्याची शपथ असलेलं पंचशील म्हणायची, आणि लेकीच्या कामाबद्दल चकार शब्दाने विचारायची नाही. ते न विचारणंच प्रीतीला सलायचं. पुष्कळ विनवल्यावर आज रंभा ब्रुअरीत आली होती, नाकाला पदर लावून.

प्रीतीने गव्हाच्या बिअरसाठी धान्य शिजवून काढलेलं कोमट पाणी पेल्यात गाळून दिलं.

"आई, यात अजून आंबवणारं यीस्ट घातलं नाही. नशा नावालाही नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

रंभाने घोट घेतला. पदर हळूच खाली आला.

"अगं, हा तर गव्हाच्या चिकाचा वास! गच्चीवर कुरडया घालायचो ना, तस्सा." डोळे मिटून तिने आणखी एक घोट घेतला. "एवढं गोड करतेस, तर इथंच थांब की. पुढं नासवतेस कशाला?"

"नासवायलाच तर मला ठेवलंय, आई!"

"मग नासव बाई. मी बाहेर बसते, बघणार नाही." दाराशी जाऊन रंभा वळली. "आणि आज जेवताना सांग, दिवसभर इथं काय काय करतेस ते. घरी तू काही सांगतच नाहीस!"