रंगवलेल्या बॅटऱ्या

आमच्या सिग्नल डिटॅचमेंटची पोस्टिंग बर्फातल्या एका पोस्टवर होती. रेडिओ सेट दोन, बॅटऱ्या सहा, जनरेटर एक. मी हवालदार, मूळचा करी रोडचा. बॅटऱ्या नाईक सावंतच्या ताब्यात. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. एवढ्या उंचीवर दोघेही गिरणगावातले, त्यामुळे मराठीत भांडायची सोय होती.

आता मी राहतो त्या सोसायटीतले लोक विचारतात, बॅटरी फुटते कशी? आधी ती चालते कशी ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या बॅटऱ्या शिशाच्या. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या पट्ट्या, एक शिशाची आणि दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. भोवती पाणी घालून सौम्य केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. शिशाची पट्टी इलेक्ट्रॉन सोडते, दुसरी ते घेते. पण इलेक्ट्रॉनला ॲसिडमधून जाता येत नाही, त्याला बाहेरच्या तारेतूनच जावं लागतं. त्या वाटेवर आपण रेडिओ बसवतो. आत ॲसिडमधले आयन सरकत राहतात, म्हणून प्रवाह अडत नाही. वापर होईल तसं दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पाणचट होतं. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलटी करणं. चार्ज पुरा होत आला की जास्तीची वीज पाण्याचं विघटन करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. ते बाहेर पडावेत म्हणून प्रत्येक बुचाला बारीक छिद्र असतं. ते बंद करायचं नसतं. बस.

थंडीत ही क्रिया मंदावते, म्हणून सावंत बॅटऱ्यांवर स्वतःचं कांबळं घालायचा.

"अरे, तू काय पांघरणार?"

"माका चार्जिंग लागना नाय," तो म्हणायचा.

फौजेत एक रोग आहे. मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार म्हटलं की दगडांना चुना, बादल्यांना लाल रंग. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेब चार्जिंगच्या खोलीत आले.

"ये क्या कबाड़ रखा है? काला पेंट मारो. ऊपर सफेद नंबर."

"साब, ऊपर छेद हैं. गैस निकलती है," सावंत म्हणाला.

"इन्स्पेक्शन के बाद खुरच लेना."

रंगवायला दोन जवान लावले. त्यांनी बुचं रंगवली, तार जोडायचे टर्मिनलही रंगवले. सावंत सुईने छिद्रं मोकळी करायला बसला, तर त्याला परेडच्या तालमीला बोलावलं. एक बॅटरी मात्र त्याने आधीच लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, पिठाच्या पोत्यांमागे लपवली होती, बिनरंगाची.

दुसऱ्या दिवशी हवा बिघडली. हेलिकॉप्टर आलं नाही, इन्स्पेक्शन पुढे गेलं. आमची आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, मात्र बाहेर होती. दुपारी खालून टेलिफोनवर इशारा आला की नाल्यात हिमकडा कोसळू शकतो. पेट्रोलची वाट त्याच नाल्यातून होती.

"टायगर वन, टायगर वन, मेसेज, ओव्हर." मी पेट्रोलला हाक दिली.

सेटवर नुसती खरखर. आमची बॅटरी उतरली होती.

"सावंत, दुसरी जोड!"

त्याने नियमाप्रमाणे जनरेटर बंद केला आणि सेटची केबल चार्ज झालेल्या बॅटरीला लावली. टर्मिनलवर रंग, क्लिप नीट बसेना. ठिणगी उडाली. आत कोंडलेला हायड्रोजन झाकणाच्या फटीतून झिरपत होता. बॅटरी फुटली.

मी धावलो. चेहऱ्यावर ॲसिड, मानेत बॅटरीच्या डब्याचा तुकडा. एक जवान त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतू लागला. सावंतने माझा हात ढकलला.

"पिठामागची," तो म्हणाला. "ती लाव."

ती आणून सेटला लावली.

"टायगर वन, नाला क्रॉस मत करो. वापस आओ. ओव्हर."

"रॉजर. वापस आ रहे हैं. आउट."

मी परत चार्जिंगच्या खोलीत गेलो तेव्हा सावंत गेला होता.

दोन दिवसांनी हवा उघडली. आधी सावंतला खाली नेलं, मग इन्स्पेक्शन झालं. रांगेत एक बॅटरी कमी दिसू नये म्हणून सुभेदारसाहेबांनी एक रिकामा डबा काळा रंगवून त्यावर पांढरा नंबर घातला होता. मोठे साहेब त्या खोलीत उभे राहून "व्हेरी स्मार्ट" म्हणाले. सुभेदारसाहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला. मला तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही.

चौकशीत मी रंगाबद्दल सगळं सांगितलं. रिपोर्टमध्ये रंग हा शब्दच नाही. कारण लिहिलं आहे, 'हाताळणीतील निष्काळजीपणा'. तेच सावंतच्या घरी कळवलं गेलं.

पेन्शनीत आल्यावर मी सावंतच्या आईला भेटलो. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली. काकी आता तात्पुरत्या खोलीत राहतात. त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं,

"चूक त्येची होती काय रे?"

"नाही काकी. त्याला बॅटरी कळत होती. आमच्या साहेबांना कळत नव्हती." मी रंगापासून टायगर वनपर्यंत सगळं सांगितलं.

"आणि ते आठ जण? घराक पोचले मा?"

"सगळे पोचले."

त्यांनी गॅस बंद केला. "मगे तसा लिव."

लिहिलं. नाईक सावंत, सिग्नल, नायगाव. तो निष्काळजी नव्हता.