पाहिले, सही, तारीख

माझा मामा नदीच्या बांधावरचा पहारेकरी. रोज सकाळी छत्री आणि रजिस्टर घेऊन तीन किलोमीटरचा मातीचा बांध चालायचा आणि उंदरांची बिळं, भेगा, पाझर असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचा. कडक उन्हाळ्यातही छत्री मिटलेलीच का, असं विचारलं तर म्हणायचा, "सरकारी आहे, झिजेल." दर शनिवारी साहेब रजिस्टरात "पाहिले" असं लिहून सही ठोकायचे.

सोळा नंबरच्या दगडाजवळ बांध पाझरत होता. मामानं वर्षभर लिहिलं, साहेबांनी वर्षभर पाहिलं. शेवटी मामाचं डोकं फिरलं. आमच्या घराण्यात डोकं फिरायला वेळ लागतो, पण एकदा फिरलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. एका शुक्रवारी त्यानं लिहिलं, "आज बांधावर हत्ती बसला होता. उठवला." शनिवारी त्याखाली सही आली. पाहिले.

पुढच्याच महिन्यात नदी चढली, बांध बरोबर सोळा नंबरला फुटला आणि आमची खालची गल्ली छातीभर पाण्यात गेली. आईचं शिलाई मशीन चिखलातून निघालं ते भंगार होऊनच. तिनं मामाशी बोलणं टाकलं. राखायला ठेवलेला माणूस झोपा काढत होता, असं सगळी गल्ली म्हणायची. मामाला नोकरीची फिकीर नव्हती. आपण झोपलो नव्हतो, हे ताईला कळावं, एवढ्यातच त्याचा जीव अडकला होता.

चौकशी बसली. सगळी गल्ली ऐकायला हजर. साहेब म्हणाले, "पाझराचं मला कोणी कळवलंच नाही." रजिस्टर पुरात गेलं, अशी त्यांची खात्री असावी. मामानं ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. चौकशीच्या बाई चष्मा लावून पानं उलटत गेल्या आणि एका पानावर थांबल्या.

"हा हत्ती कुठला?"

मामानं कान पकडले. "तो तेवढा खोटा आहे, बाई. बाकी सगळं खरं."

साहेबांना जोर चढला. "बघा, असल्या माणसाच्या लिहिण्यावर काय विश्वास ठेवायचा?"

"खाली सही तुमची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही हत्ती पाहिलात?"

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर न वाचता सह्या केल्या, हो म्हणावं तर पाझरही पाहिला. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "लांबून पाहिला."

गल्ली इतकी हसली की बाईंना टेबल वाजवावं लागलं. पाण्यात घर गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. साहेब निलंबित झाले. मला तर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी मामा छाती काढून आमच्याकडे आला. बाईंनी नकला काढून परत दिलेलं रजिस्टर आईपुढे उघडून म्हणाला, "मोज, ताई. तीनशेवर वेळा लिहिलंय."

आईनं मोजलं नाही. दोन-चार पानं मात्र नीट वाचली.

"वर्षभर रोज बांधावरून उतरून तू इथेच चहाला येत होतास ना?"

"हो."

"मग एकदा तरी मला का नाही सांगितलंस?"

मामानं रजिस्टर मिटलं. मला त्याची कीव आली, आणि आईचा रागही पटला.

"सुचलंच नाही गं," तो म्हणाला. "लिहिलं की काम झालं, असं वाटायचं."