ज्वारीच्या प्रथिनाचे पाहुणे

जगात परकं असं कुणी नसतंच, फक्त नातं काढायला वेळ कमी पडतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय: माझे धाकटे दीर. त्यांच्यासोबत नवी पेठेत साडी घ्यायला गेलं की दुकानदाराचं गाव, आडनाव, मामाचं गाव, आजीचं माहेर असं करत ते त्याला करमाळ्याच्या आमच्या आत्याबाईंपर्यंत आणून सोडतात. साडी राहते बाजूला. घरच्या लग्नात मी त्यांना मुद्दाम दारात उभं करते. वरपक्ष कोण, वधूपक्ष कोण आणि नुसतं जेवायला आलंय कोण, हे मांडवात शिरण्याआधीच कळतं.

बार्शीच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पीएचडी करतात. तिथंही उद्योग हाच. ज्वारीच्या दाण्यातल्या एका अनोळखी प्रथिनातल्या घटकांचा क्रम अक्षरांत मांडायचा आणि जगभरच्या प्रथिनांच्या साठ्यात संगणकावर त्याचे पाहुणे, म्हणजे नातेवाईक, हुडकायचे. "पाहुणे कळले की स्वभाव कळतो, वहिनी. सोयरीक जमवताना तुम्ही दुसरं काय करता?" क्रम जुळला नाही तर प्रथिनाची साखळी दुमडून जी घडी होते, ती कुणाशी जुळते ते बघायचं. "आडनाव बदलतं, चालायची ढब बदलत नाही की!" एक पाहुणा मिळाला तर प्रबंध पुरा, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

गेल्या वर्षी तो मिळाला. जुळणीचे गुण पाहून भावोजी ताडकन उठले ते पेढे घेऊनच परतले. गल्लीभर वाटून झाल्यावर मी विचारलं, "पण पाहुणे कोण निघाले?" नाव वाचायचंच राहिलं होतं. वाचलं आणि मटकन खाली बसले. माणसाच्या कातडीतलं प्रथिन! नमुना त्यांनी हातमोज्यांशिवाय हाताळला होता.

"वहिनी, मीच माझा पाहुणा निघालो की!"

"मग आहेर कुणाला करायचा?" आमच्या ह्यांनी पेढा खातखात विचारलं. सगळे हसलो, भावोजी जरा उशिरा.

हातमोजे घालून त्यांनी सगळं पुन्हा केलं. या वेळी कुणीच जुळलं नाही, ना क्रमानं, ना घडीनं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, विषय बदला. भावोजी म्हणाले, "नातं लागत नाही, एवढंच खरं लिहितो." प्रबंध तसाच दिला. निकाल यायचाय.

साठ्यात नवी प्रथिनं येतच असतात, म्हणून रोज सकाळी ते तो क्रम पुन्हा शोधाला लावतात. "काल कुणी नव्हतं, म्हणून आजही नसेल असं कुठाय?" मला दहा कामं असतात. तरी चहाचा कप हातात धरून, पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत मीही त्यांच्या मागे उभी राहते.