तिसऱ्या मजल्यावरचे आमेन

शमुवेलदादांना मी पहिल्यांदा पाहिले ते ठाण्याच्या वर्तकनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑफिसातून आलो, तर हे अनोळखी गृहस्थ आईची खिडकीजवळची डुगडुगती खुर्ची उलटी करून दुरुस्त करत बसलेले! आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्याने आलेले ते, अर्धांगवायूने घरी बसलेल्या आईची विचारपूस करायला आले होते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ते फिटर. मी हातोडी पुढे केली, तर म्हणाले, "नको रे. बसत नसेल तर ठोकायचं नाही. काढायचं, नीट बघायचं, मग लावायचं." दहा मिनिटांच्या कामाला दादांनी दीड तास लावला. ती खुर्ची मात्र पुन्हा कधी हलली नाही.

आमची मंडळी लहान, स्वतःचे देऊळ नाही. मी चिटणीस होतो आणि स्वतःवर भलताच खूश! नाताळच्या उपासनेसाठी दरवर्षी मीच हॉल मिळवायचो. एका वर्षी तर माईक, पंखे, व्यासपीठ असा झकास हॉल मिळवला. आणि दोनच दिवस उरले असताना निरोप आला, दुरुस्ती निघाली, हॉल मिळणार नाही! टेंभी नाक्याजवळ दुसरा पाहिला, तिथे लग्न होते. माझे डोकेच फिरले.

संध्याकाळी दादा घरी आले. मी ओरडलो, "दादा, उद्या हॉलवाल्यांच्या दारातच जाऊन बसतो!"

"बसत नाहीये ना? मग ठोकू नकोस, विनय. दार प्रभूने लावलं असेल, तर का लावलं ते आधी त्यालाच विचारू."

ते तिथेच गुडघ्यांवर आले. प्रार्थना लांबली. मी आपला घड्याळ बघतोय! डोळे उघडल्यावर दादांनी आईकडे पाहिले. "बाई, नाताळच्या उपासनेला तुम्ही शेवटच्या कधी आलात?"

"सहा वर्षं झाली," आई अडखळत म्हणाली. "विनय केक आणतो हो आठवणीने."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सहा वर्षे मी साऱ्या ठाण्यात हॉल शोधत होतो, आणि आई या खिडकीत एकटी बसून होती.

दादा तडक खाली गेले. कॉलनीचे पटांगण भोईरकाकांच्या देखरेखीखाली. दादांनी ते उपासनेसाठी मागताच काका म्हणाले, "अवो दादा, इचारताय काय? आमच्या गनपतीच्या सतरंज्या पन न्या!"

नाताळच्या सकाळी आमच्या खिडकीखाली काय गाणी रंगली! पेटी, डफ, टाळ्या, चारी बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या! पाळकांची प्रार्थना संपली, आम्ही आमेन म्हणालो, आणि क्षणभर मागून तिसऱ्या मजल्यावरून जड जिभेचे, पण खणखणीत "आमेन!" आले. सगळ्या माना वर. दादा ढसाढसा रडत होते. मीही रडलो. आई गेली, पण तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

आज दादा पंचाहत्तर वर्षांचे झाले. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, गुडघे जिना उतरू देत नाहीत. परवा म्हणाले, "या नाताळला मला धरू नका रे."

दादा, तुम्हाला कोण सोडतो! या वर्षीची उपासना तुमच्या इमारतीखाली आहे. भोईरकाकांनी सतरंज्या आत्ताच उन्हात घातल्यात. प्रभू तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट आवाज देवो. आम्ही वर बघत उभे राहू, दरवर्षी. तुमचे आमेन थोडे मागून आले तरी चालेल.