चेस्टनटचं पुरण

माझ्या सासूबाई, शोभाताई, हट्टी आहेत, हे ग्लेन वेव्हर्ली या परदेशातल्या उपनगरात आमच्या सगळ्या ओळखीच्यांना माहीत आहे. त्या पुण्याहून इथे राहायला आल्या तेव्हा माझ्या उर्वीला हरभऱ्याची ॲलर्जी असल्याचं नुकतंच कळलं होतं. हरभरा डाळ, बेसन, सगळं बंद. त्या पाडव्याला आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तिच्या ताटात साधी पोळी वाढली. पोरगी ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसली.

तेव्हापासून आईंनी या घरात पुरण शिजवलं नाही. "तिला मिळत नाही ते आपण तिच्यासमोर गिळायचं?" म्हणाल्या, आणि विषय संपला. मला पुरणपोळी जीव की प्राण. मी मनातल्या मनात वैतागले, पण बोलायची सोय नव्हती. आईंचे प्रयोग मात्र चालूच होते. रताळं झालं, भोपळा झाला. दर वेळी स्वतःच चाखून म्हणायच्या, "गोड आहे, पण पुरण नव्हे."

या एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या शरदात, आम्ही डोंगराकडच्या एका मळ्यात चेस्टनट वेचायला गेलो. साडीखाली माझ्या नवऱ्याचे, सलिलचे बूट घालून आई झाडाखाली काटेरी बोंडं पायाने चिरडत होत्या आणि आतले तपकिरी चेस्टनट पिशवीत टाकत होत्या. निघताना गेटपाशी मळेवाल्याने भाजलेले चेस्टनट चाखायला दिले. एक तोंडात टाकला आणि आई चावता चावता थांबल्या.

"रुचा, खाऊन बघ. कसा पिठूळ आहे. गूळ घालून वाटला तर पुरण होईल याचं."

"आई, आधी डॉक्टर. तोवर तिला एक कणही नाही."

"मग फोन लाव ना. बघतेस काय?"

टेस्ट होईपर्यंत पिशवी फ्रीजमध्ये राहिली आणि आई रोज ती उघडून बघत राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. मग एकेक चेस्टनट चिरून उकडायचा आणि गरम असतानाच सोलायचा, नाहीतर आतलं साल निघता निघत नाही. आमची बोटं लालबुंद झाली. पण पुरणयंत्रातून पुरण असं मऊसूत उतरलं की आई बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.

पहिली पोळी उर्वीला. आई तिच्या समोरच बसल्या. तिने अर्धी खाल्ली, विचार केला आणि ताट सरकवलं.

"It's okay, आजी. Bit boring. मला दहीभात दे ना."

मी डोळे वटारले. एवढा खटाटोप केला होता. आई मात्र हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ओरडू नकोस तिला. इतकी वर्षं मिळत नव्हती म्हणून खात नव्हती. आज आवडली नाही म्हणून खात नाहीये. मला एवढंच हवं होतं गं."

आणि उर्वीची अर्धी पोळी आपल्या ताटात घेऊन त्यांनी त्यावर भरपूर तूप ओतलं.