सोमवारची तारीख

साक्षीसाठी कोर्टात बसलो होतो. एकाच भांडणातल्या दोघांचे जामीनअर्ज निघाले. सरकारी वकिलांनी गुडघ्यावर कागद ठेवून एकावर लिहिलं, ‘योग्य तो आदेश व्हावा’. दुसऱ्यावर, ‘सक्त हरकत’. का, ते कुणी विचारायचं नाही! न्यायाधीशांनी पहिला मंजूर केला, घड्याळाकडे पाहिलं आणि दुसऱ्याला सोमवारची तारीख दिली. याला म्हणे विवेकाधिकार म्हणतात. एवढा भारदस्त शब्द, पण जेवणाच्या सुट्टीपुढे त्याचं काही चालत नाही.

दुसऱ्याची बायको शेजारीच बसली होती. नवऱ्याला बाहेर येताना घालायला तिने इस्त्रीचा शर्ट आणला होता.

“दादा, साहेबांच्या मनात आलं असतं, तर आज सोडलं असतं?”

“हो, ताई.”

“मग सोमवारी येईल ना मनात?” शर्टाची घडी सारखी करत तिने विचारलं.