टिटवी आणि टॉवेल-टोपी

देवाने डोळे दिले ते फक्त पाखरं पाहायला, आणि बायको, बॉस, लग्नकार्य वगैरे जे बाकीचं दिसतं ते चुकून, अशी पक्की समजूत असलेला माणूस साऱ्या सुरतेत एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणायला लागलो. साडू या नात्यात एरवी थोडी चढाओढ असते. आमच्यात ती कधी जमली नाही, कारण मी नवं घड्याळ घेतलं तरी त्यांची नजर घड्याळावर न थांबता माझ्या खांद्यावरून मागच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूकडे जायची.

दाजी एका कापडगिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. खानदेशातून आलेली आमची सगळी मंडळी गिरणीत किंवा रेल्वेत चिकटलेली, मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. दाजींचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असत. पंगतीत ते शेजारी बसले की वाढणाऱ्याला आधी दचकायला व्हायचं. पण रंगावरची त्यांची नजर जबरदस्त होती. कापडाचा तागा खात्याच्या दुसऱ्या टोकाला असला तरी तो अजून ओला आहे की वाळला, हे ते नुसतं पाहून सांगत, कारण ओलं कापड थोडं गडद दिसतं. पाखरांनाही ते साड्यांच्या भाषेतच ओळखत. खंड्या म्हणजे 'मोरपंखी, काठ विटकरी', रोहित पक्षी म्हणजे 'अबोली, पण दोन धुण्यांतली'. गंमत अशी की त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म कायम काळी-पांढरी असायची. रंगीत फिल्मचे रंग खोटे असतात आणि खोटा रंग पाहिला की आपलं पोट बिघडतं, असं ते म्हणत.

तो कॅमेरा त्यांनी सेकंडहँड घेतला होता. त्याच्या झाकणाला रबरबँड लावावा लागे. उन्हाळ्यात आम्ही दोन्ही घरची माणसं डुमसला समुद्रावर जायचो, तेव्हा 'सगळ्यांचा एक फोटो काढा' असा आग्रह व्हायचा. दाजी अगदी आनंदाने तयार व्हायचे. आम्हाला वाळूत ओळीने उभं करायचे, डावीकडे सरकवायचे, पोरांना खाली बसवायचे. फोटो धुऊन आला की त्यात आमच्यामागे चिखलात उभा असलेला बगळा पिसापिसासकट स्वच्छ, आणि पुढे आम्ही सगळे धुक्यातले. माझ्या धाकट्या मुलीचं बालपण आमच्या घरच्या अल्बममध्ये एका मोठ्या पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात शिल्लक आहे.

त्यांची खरी जागा मात्र डुमस नव्हे. वैशाखात गिरणीतून रजा मिळाली की ते एस.टी.च्या टपावर सायकल टाकून इच्छापोरला उतरत आणि तिथून हजिऱ्याच्या बाजूला खाडीकाठच्या खाजणात जात. तिथे त्यांचा तंबू असे. तंबू म्हणजे गिरणीत छपाई बिघडलेल्या साड्यांचे तुकडे शिवून केलेलं एक खोकं. पाखरांना दिसू नये म्हणून माणूस लपतो. दाजी लपत ते गुलबक्षी कोयऱ्या आणि पोपटी वेलींच्या आड. एकदा एका हवालदाराला दुरून ते प्रकरण दिसलं. समुद्रातून चोरटा माल उतरण्याचे ते दिवस. तो काठी सरसावून आला आणि पडदा उचलून म्हणाला, "काका, अंदर शूं करो छो?" दाजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "टिटोडी बेठी छे." हवालदारही मग ओणवा होऊन आत शिरला, आणि त्याची ड्युटी बदलेपर्यंत दोघे आळीपाळीने एकाच भोकातून बघत बसले होते. पुढे तो हवालदार दिवाळीला आमच्याकडे घारीची सुरती मिठाई घेऊन यायचा.

ही टिटवीच दाजींच्या संसारातली मुख्य अडचण होती. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींचं म्हणणं असं की ऐन उन्हात, जमीन तव्यासारखी तापली की, टिटवी डबक्यावर जाते, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते, तशीच तुरुतुरु चालत परत येते आणि ओल्या पोटाने अंडी निववते. त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, आणि आपण थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटून घ्यायचो. पण फोटो काही साधत नव्हता. कधी रबरबँड तुटायचा, कधी कुत्रं यायचं, कधी फिल्म संपल्यावर टिटवीला पाण्याची आठवण व्हायची.

आणि वैशाखातच आमच्या सासुरवाडीची लग्नं. अमळनेरजवळच्या त्या खेड्यात दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या दारात मांडव पडायचा, आणि अक्का, म्हणजे दाजींची बायको, एकटी यायची. थोरला जावई कुठे, असं प्रत्येक बाई विचारायची. पहिल्यांदा अक्काने खरं ते सांगितलं, तर बायकांनी वरण-बट्टीची पंगत उठेपर्यंत तोंडाला पदर लावून हसून घेतलं. त्यानंतर ती 'गिरणीत काम निघालं' एवढंच म्हणायची. थोरल्या जावयाचा मान म्हणून मिळणारे टॉवेल-टोपी दाजींच्या वतीने मी घ्यायचो. टोप्या मी पोचवत असे, पण टॉवेल आमच्याकडेच राहत. आमच्या घरात टॉवेल विकत आणल्याचं मला आठवत नाही. मला त्यात मजा वाटायची. अक्काला वाटत नसे. टॉवेल माझ्या हातात पडत असताना ती नेमकी चुलीकडे काहीतरी काम काढून जायची.

शेवटी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. वडील गेल्यापासून घरचा कर्ता तोच, शिवाय चारचौघांत शब्द राखून बोलणाऱ्यांतला नव्हे. त्याने निरोप धाडला की यंदा दाजी आले नाहीत तर थोरल्या जावयाचा मान यापुढे माझ्याच नावाने होईल. अक्का त्यावर भांडली नाही. तिने फक्त दाजींना सांगितलं की यंदा या, किंवा निदान तोंड दाखवता येईल असं काहीतरी आणा. मग ती आमच्याबरोबर पुढे गेली, आणि दाजी 'आलोच' म्हणून सायकल घेऊन इच्छापोरच्या एस.टी.त चढले.

ते आले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पाव्हणे पानसुपारीला बसले होते आणि माझा मान होऊन टॉवेल माझ्या खांद्यावर होता. चेहरा उन्हाने काळवंडलेला, शर्टावर खाजणाचा चिखल वाळलेला, असे दाजी मांडवात उभे राहिले. मेव्हण्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, पाखराने काय सांगितलं म्हणून. दाजींनी बनियनच्या आतून एक पाकीट काढलं आणि त्यातला, येताना सुरतेत धुऊन घेतलेला फोटो त्याच्या हातात दिला.

फोटो हातोहात फिरला. करडा चिखल, करडं डबकं आणि मधे एक टिटवी उभी. एवढंच. कुणी म्हणालं कोंबडी आहे, कुणी फोटो उलटा धरून पाहिला. माझ्याकडे आला तेव्हा मी खरोखर डोळे फाडून बघितलं. टिटवीसारखी टिटवी होती.

"याम्हा काय शे, दाजी?" मेव्हण्याने विचारलं.

"तिनं पोट देख," दाजी म्हणाले. "वलं शे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दाजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाला दुरून ओला तागा कळतो त्याला आपल्याला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळत असावं. मला त्या क्षणी त्यांचं फार वाईट वाटलं, आणि खांद्यावरचा टॉवेल नको झाला.

अक्का चुलीकडून आली. हात पदराला पुसले, फोटो घेतला, मांडवाच्या कडेला उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला. मग भावासमोर धरला.

"वलं शे," ती म्हणाली. "नीट देख."

मेव्हण्याने फोटो पुन्हा घेतला. पण त्याने फोटोकडे कमी आणि बहिणीच्या तोंडाकडेच जास्त पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "हां. वलं शे. दाजीसले टॉवेल-टोपी लई या रे." त्याने म्हटल्यावर मांडवातल्या सगळ्यांनाच ते पोट ओलं दिसायला लागलं. एक म्हातारा तर पाणी ठिबकतंय म्हणाला. दाजींना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लागलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरल्या जावयाची टोपी थोरल्या जावयाच्या डोक्यावर बसली. ती त्यांना लहान होत होती. अक्का चुलीकडे गेली नाही, तिथेच उभी राहिली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये दाजी खिडकीशी बसून तारेवरची पाखरं बघत होते, टोपी अजून डोक्यावरच. मी हळूच अक्काला विचारलं, खरंच दिसलं का. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"माले तं कोरडंच दिसनं," ती म्हणाली. "पन त्यासनी सोता देखेल शे ना."

आता दाजी नाहीत, अक्काही नाही. त्या खाजणाकडे मी पुन्हा कधी गेलो नाही. तो फोटो माझ्याकडे आहे, जरा पिवळट पडलेला. वैशाखात ऊन कडक झालं की त्या दोघांची फार आठवण येते, आणि मी तो खिडकीशी नेऊन चष्मा पुसून बघतो. मला अजूनही ते पोट कोरडंच दिसतं. घरात कुणी विचारलं, तर मात्र मी ओलं आहे म्हणून सांगतो.